पताकांपासून भिंतीपर्यंत

डोकं भिंतीवर आपटलं तेव्हाचा आवाज बाहेर कुणाला ऐकू आला नसेल. तिला तो आतून ऐकू आला, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे छतावरचे दिवे एकात एक मिसळलेले, आणि अंगात एक विलक्षण स्वस्थता. कुणीतरी दंडाला धरून तिला काठाकडे ओढलं. ती जिराफ होती, तिची खोलीतली सोबतीण. लांब मानेमुळे संघातल्या मुलींनी तिला हे नाव ठेवलं होतं आणि ते तिने आनंदाने चिकटवून घेतलं होतं. "आज भिंत पुढे सरकवून ठेवली की काय गं कुणी?" जिराफ म्हणाली. पण म्हणताना हसली नाही.

पाठीवर पोहणाऱ्याचं एक असतं. जिथे जायचं ते त्याला कधी दिसत नाही. दिसतं ते छत, नाहीतर आभाळ, आणि आपणच उडवलेलं पाणी. म्हणून भिंतीच्या थोडं अलीकडे तलावावर आडवी दोरी बांधतात आणि तिला रंगीत पताका लावतात. पताका डोळ्यांवरून मागे गेल्या की हात मोजायचे. इथल्या तलावात पाच हात, की आली भिंत. हे तिला इथे आल्या दिवसापासून पाठ होतं. तरी आज तिने सहावा हात टाकला होता, आणि तोही असा निर्धास्त, की जणू भिंत आपणहून मागे सरून जागा करून देणार होती.

तलावाशेजारच्या उपचारखोलीत नर्सने तिला उंच पलंगावर बसवलं, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि ठरलेले प्रश्न विचारले. आज वार कोणता? मंगळवार. काल संध्याकाळी काय केलंस? अभ्यास. ही बोटं किती? तीन. "आणि आत्ता तू कुठे आहेस?" इथे ती अडली. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. पण ओठांवर आलं ते भलतंच होतं, आणि आलं तेही तिच्या स्वतःच्या भाषेत. आत्याच्या तलावावर. ते तिने गिळलं, इथलं नाव शोधलं, जीभ वळवून उच्चार जुळवला आणि सांगितलं. तोवर नर्सने मान हलवून काहीतरी टिपून घेतलं होतं. "उत्तराला वेळ लागला तुला. फार काही असेल असं वाटत नाही, पण दोन दिवस पाण्यात उतरायचं नाही. वाचायचं नाही, फोन बघायचा नाही. नुसतं पडून राहायचं." नुसतं पडून राहायचं! ते ऐकून तिचे डोळे भरून आले. नर्सला वाटलं, दुखतंय. तिने बर्फाची पिशवी दिली.

दारात कोच उभी होती. कोच म्हणजे पन्नाशीची, आखूड केसांची बाई. बूट कायम ओले, आवाज कायम बसलेला. ती कधी चिडत नसे, त्यामुळे तिची जास्तच भीती वाटे. "सहा हात का घेतलेस?" तिने विचारलं. "दमले होते." "दमल्यावर हात कमी पडतात. जास्त कसे पडले?" कोच दाराच्या चौकटीला टेकली. "हे पहिल्यांदा नाही झालं. मागेही दोनदा तू भिंतीशी येऊन गडबडलीस, मी बघितलंय. तुला कुणीतरी चुकीचं शिकवलंय." "चुकीचं नाही," ती एकदम म्हणाली. "आमच्याकडे दोरीच तिथे होती." "दोरी चुकीच्या जागी होती, म्हणजे तेच झालं ना?" कोचने हे इतक्या सरळपणे म्हटलं की भांडायलाही काही शिल्लक ठेवलं नाही. मग म्हणाली, "शनिवारी सकाळी पाठीवरच्या जागेसाठी चाचणी घेणार आहे. तू आणि ती नवी. नर्सने हो म्हटलं तर उतर. नाही म्हटलं तर नवी येईल."

ती जागा चौघींनी एकीमागून एक पोहायच्या शर्यतीतली पहिली होती, आणि तिच्यावर तिचं इथलं सगळं उभं होतं. संघात असेल तोवर फी माफ, खोली माफ, दोन्ही वेळचं जेवण. संघाबाहेर गेली की पुढच्या वर्षी यातलं काही नाही, आणि घरून ते झेपण्यातलं नव्हतं, हे तिला आणि बाबांना न बोलता ठाऊक होतं. म्हणजे पाठीवर नीट पोहता आलं तर दातांची डॉक्टर होता येणार, नाहीतर नाही. जगात दुसऱ्या कुणाच्या दातांचा पाण्याशी असा संबंध लागला असेल का, असं तिला सुरुवातीला गमतीने वाटायचं. आता गंमत राहिली नव्हती.

खोलीत येऊन ती पडली. जिराफ वर्गाला निघून गेली होती. हीटरच्या नळ्यांवर दोघींचे पोहायचे कपडे वाळत होते, म्हणजे वाळत नव्हते. ते कधीच पुरते वाळत नसत. दमट कपडे, तलावाच्या औषधाचा वास, आणि त्यात मेणाचा वास. पहिल्या वर्षाला दातांचे आकार हाताला कळावेत म्हणून मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरायला लावतात. कोरणीने आधी कडा मारायच्या, मग माथ्यावरचे उंचवटे, मग त्यांच्यामधल्या खोबणी. शुक्रवारी खालची दाढ दाखवायची होती. काल संध्याकाळी ती कोरता कोरता तिला डुलकी लागली, आणि उठून बघते तर अर्धी दाढ हीटरवर कलंडून मऊ पडलेली, बसलेल्या बेडकासारखी. मग नव्या ठोकळ्यावर पुन्हा पहिल्यापासून. झोप केव्हा झाली, झाली की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. पहाटे अंधारात केस बांधून ती तलावाकडे चालत गेली तेव्हा नखांखाली मेण तसंच होतं.

डोळे मिटले की छत दिसायचं. इथलं छत पांढरं, सरळ, ओळीने दिवे लावलेलं. त्याच्याकडे बघत पोहताना माणूस दवाखान्यात आहे असं वाटतं. आत्याच्या तलावाला छत नव्हतं. पाठीवर झालं की वर आभाळ, एका कोपऱ्यात पंपाच्या खोलीची कौलं, दुसऱ्या कोपऱ्यात दिव्याचा खांब, आणि त्यांच्यामध्ये आत्याची दोरी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. शाळेत व्यायाम शिकवायची आणि सकाळ-संध्याकाळ तलावाच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. किल्ल्यांचा तो जुडगा कमरेला खोचून ती काठाने चालत राहायची, आणि किल्ल्यांचा आवाज कुठून येतो त्यावरून मुलींना कळायचं की आत्याचं लक्ष आत्ता कुणावर आहे. तलावाला पताका हव्यात असं तिने वरच्या लोकांना पुष्कळदा सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. शेवटी तिने घरातल्या आणि शेजारपाजारच्या मोडक्या छत्र्या गोळा केल्या, त्यांचं कापड उसवलं आणि तिकोनी तुकडे कापून शिवले. छत्रीचं कापड पाण्याने कुजत नाही, हे तिचं शास्त्र. काळे तुकडेच जास्त होते. मधूनमधून एखादा लाल, एखादा ठिपक्यांचा, आणि एक निळा, तो भाचीच्या, म्हणजे हिच्याच, लहानपणच्या रेनकोटाचा. दोरी बांधायला एका बाजूला पंपाच्या खोलीच्या खिडकीचा गज होता आणि दुसऱ्या बाजूला दिव्याचा खांब. दोन्ही जरा जास्तच अलीकडे होते. पण गज आणि खांब काही आत्याने रोवले नव्हते. दोरी जिथे बसली तिथे बसली. तिथून भिंत सहा हातांवर होती.

मुलींना वाटायचं, जगात सगळीकडे सहाच असतात. पहिल्यांदा दुसऱ्या गावी स्पर्धेला गेल्या तेव्हा आत्याने आदल्या दिवशी सगळ्यांना पाण्यात उतरवलं, स्वतः काठावर उकिडवी बसली, दोरीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे एक हात कमी घ्यायचा गं." तिसऱ्या गावीही तेच. चौथ्याही. "इथे एक कमी." एका मुलीने विचारलं, "आत्या, सगळीकडेच एक कमी कसा?" आत्या म्हणाली, "आपला तलाव मोठ्या मनाचा, बाई. या लोकांची मनं कोती." मुली हसल्या, आणि ते त्यांना मनापासून पटलंही. त्या वयात पटतं. पाण्यातून बाहेर येणाऱ्या बेडकाची पिल्लं जशी डबक्यालाच समुद्र समजतात, तसं ते होतं. तिला तर आत्या बेडकीच म्हणायची. पहिल्या दिवशी तिने असे काही पाय मारले होते की आत्याने भावाला हाक मारून सांगितलं, "दादा, तुझ्या पोटी बेडकी आलीय रे!" धाकट्या भावाला दादा म्हणायची आत्याची सवय, तीही तशीच, कुणी न दुरुस्त केलेली.

इथे यायचं ठरलं तेव्हा एका काकांनी घरी येऊन बजावलं होतं, "पोहणंही करणार, दातही शिकणार, तेही परक्या देशात. एक ना धड, भाराभर चिंध्या." आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, "चिंध्यांच्याच तर पताका होतात, भाऊ." काकांना काही कळलं नाही. सगळे हसले म्हणून तेही हसले. निघायच्या दिवशी आईने सामान उघडून पुन्हा बांधलं, बाबांनी कुलपाची किल्ली दोनदा खिशात चाचपली, आणि आत्याने काहीच केलं नाही. फक्त दाराशी तिच्या कानाला धरून म्हणाली, "जाशील तिथे आधी दोरी बघ. एक कमी. विसरू नकोस." आणि ती विसरली नव्हती. इथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक फेरीला, पताका डोळ्यांवरून गेल्या की ती मनात म्हणायची, एक कमी. जप केल्यासारखं. फेऱ्यांमागून फेऱ्या, सकाळी आणि दुपारी. अंगाला सहाची सवय, मनाला पाचाचं भान, आणि दोघांच्या मध्ये ती, दोन भांडणाऱ्या पोरांचे हात धरून रस्ता ओलांडावा तशी. ताजी असली की मन जिंकायचं. दमली की अंग तिला न विचारता घरी निघून जायचं.

आता पडल्या पडल्या तिला एक वाईट शंका आली, आणि आल्यावर ती हलेना. आपण मुद्दाम तर आपटलो नाही ना? मुद्दाम म्हणजे ठरवून नाही. पण ते टाळूवरचं ठणकणारं टेंगूळ किती सोयीचं होतं! यात कुणाचा दोष नाही, हिचाही नाही. डोक्याला लागलं, डॉक्टर नको म्हणाले, जागा गेली, परत आली. काका म्हणतील, मी म्हटलं नव्हतं? आई उशाशी बसून केसांत बोटं फिरवील. पहाटे उठायला नको. दिवसभर परक्या भाषेत बोलायला नको. हे बोलणं म्हणजे काय असतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वाक्य आधी मनात उभं करायचं, त्याची डागडुजी करायची, मग बाहेर सोडायचं, आणि तोवर समोरचे दुसऱ्या विषयाला गेलेले. संध्याकाळी जबडा दुखायचा. दातांच्या वर्गात तिला जबड्याच्या सगळ्या स्नायूंची नावं पाठ झाली होती, पण दुखतो तो नेमका कुठला, ते पुस्तकात नव्हतं. झोपेत सुद्धा बोलली तर ती आता कुठल्या भाषेत बोलते कोण जाणे. जिराफला विचारायचा तिला धीर होत नव्हता. आणि विनोद? विनोद तर तिने वर्षभरात एकही केला नव्हता. घरी ती सगळ्यांना हसवायची. इथे तिला सगळे शांत मुलगी म्हणत. शांत! हे आत्याला सांगितलं असतं तर आत्याने विचारलं असतं, कुणाबद्दल बोलतेस?

"जागी आहेस?" दुपारी जिराफ आली ती दोन्ही हातांत ओले टॉवेल घेऊनच. "हे बघ. आईला वाटतं मी इथे शिकायला आलेय. कोचला वाटतं, पोहायला आलेय. मला विचारशील तर मी इथे कपडे वाळवायला आलेय." तिला हसू आलं, आणि हसल्यावर डोकं ठणकलं. जिराफचंही घर दूर होतं, उलट्या दिशेला. तिच्या तलावाबद्दल आपण कधी विचारलं नाही हे एकाएकी तिच्या लक्षात आलं. "तुमच्याकडे पताकांपासून भिंत किती हातांवर?" "मी कुठे पाठीवर पोहते? मला भिंत दिसते." जिराफने टॉवेल दाराच्या खुंटीला लावला आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसली. "खरं सांग. शनिवारी उतरणार आहेस ना? ती नवी चांगली आहे, पण ती शिटी होण्याआधी तीनदा उलटी येते म्हणून पळते. मला शर्यतीत पुढे ती नको." "नर्सने सोडलं तर उतरेन." "नर्सचं सोड. तुझं काय?" ती भिंतीकडे तोंड करून वळली, आणि जिराफने उठून हीटरवरचे कपडे उलटे केले.

दोन दिवस असे गेले की त्यांना सकाळ-दुपार होती असं वाटेना. आईचा फोन आला. "जेवलीस का? आवाज असा का येतोय?" "झोपले होते." "झोप गं, झोप. किती धावशील!" टेंगळाचं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई काळजीने आजारी पडली असती आणि आत्याने पहिला प्रश्न विचारला असता, किती हात घेतलेस? आणि मग सांगावं लागलं असतं की सहा. आणि मग आत्याला कळलं असतं की हिचं डोकं आपल्या दोरीने फोडलं. ते आत्याला कळू नये एवढं एकच या दोन दिवसांत तिने नीट ठरवलं. बाकी काहीच ठरलं नाही. शुक्रवारी नर्सने पुन्हा डोळ्यांत उजेड टाकला, पुन्हा तेच प्रश्न विचारले. तू आत्ता कुठे आहेस? या वेळी तिने उत्तर तयारच ठेवलं होतं, वर्गात पाठ करून गेल्यासारखं. नर्स खूश झाली. दुपारी तिने दाढ दाखवली. शिकवणाऱ्या बाईंनी ती तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, अंगठ्याने खोबण चाचपली. "एक उंचवटा जास्त काढलास," त्या म्हणाल्या. "पण अशा दाढा असतात काहींच्या. कुणाची बघून काढलीस?" कुणाचीच नाही. झोपेत हाताला आलं ते कोरलं होतं. बाईंनी गुण दिले, पण तिला घाम फुटला. म्हणजे दमल्यावर आपण सगळीकडेच एक जास्त करतो की काय!

शनिवारी सकाळी तलावाच्या काचांवर बाहेरून धुकं होतं. नवी आधीच येऊन भिंतीशी बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. खरं तर पोर होती ती, टोपीखालून कानच तेवढे बाहेर आलेले. तीही दुरून आलेली, आणि तिचंही इथलं सगळं याच जागेवर उभं असणार. तिला पाहून वैर वाटायला हवं होतं, पण तेवढी ताकद कुठे होती? "उलटी झाली का?" तिने विचारलं. नवीने मान वर करून दोन बोटं दाखवली. "म्हणजे अजून एक आहे," ती म्हणाली, आणि नवी अशी काही हसली की तिसरी आलीच नाही. पाण्यात उतरताना तिच्या लक्षात आलं की हा आपला इथला पहिला विनोद, आणि तोही आपण नेमका हिच्यावर खर्च केला.

दोघी शेजारशेजारच्या पट्ट्यात दांडा धरून लोंबकळल्या. कोचने शिटी दिली. पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. पताका, एक कमी, वळण. पताका, एक कमी, वळण. टाळूवर पाण्याचा गारवा लागला की ठणका जागा व्हायचा आणि तेवढ्यापुरती तीही जागी व्हायची. शेजारून नवीचे पाय ऐकू येत होते, पुढे की मागे ते कळत नव्हतं. शेवटच्या फेरीला अंग जड झालं. खांद्यांत वाळू भरल्यासारखी. दिवे एकापाठोपाठ एक वरून जात होते आणि प्रत्येक दिव्याला ती म्हणत होती, आता बस. मग छताचं पांढरं हळूहळू ओसरलं आणि तिला वाटलं की कौलं दिसताहेत, खांब दिसतोय, काठाने किल्ल्या वाजताहेत. इथेच ते होतं, हे तिला कळलं. हीच ती जागा, जिथून अंग घरी जातं. अडवावं असंही वाटलं नाही. जाऊ दे. आपटू दे. मग परत जायला मिळेल. पताका आल्या, डोळ्यांवरून मागे गेल्या, आणि ती काहीच म्हणाली नाही. मोजलंही नाही. नुसती वाट बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं अंग बघावं तसं, की आता हे काय करतं. हात पडत गेले. मग एक हात आपणहून लांबला, खांदा सैल सुटला, बोटं मागे गेली, आणि भिंत तिथेच होती. गार, गुळगुळीत, बोटांना पुरेल इतकीच लांब. बरोबर.

पाच. तिने सांगितल्याशिवाय पाच.

नवी एका हाताने मागे राहिली होती. कोचने घड्याळ बघितलं, दोघींकडे बघितलं. "पहिली तू," ती तिला म्हणाली. आणि मग तिच्या त्या बसक्या आवाजात, "गेलं बघ डोक्यातून. जातं. वर्ष लागतं." एवढं बोलून कोच पुढच्या मुलींकडे वळली. ती मात्र भिंत धरून तशीच राहिली. जागा राहिली, फी राहिली, दाढा राहिल्या, सगळं राहिलं. जिराफ काठावरून टाळ्या पिटत होती. आणि तिला रडू येत होतं, ते थांबेना. जायचं की राहायचं, हे तिने अजून ठरवलंच नव्हतं. अंगाने परस्पर ठरवून टाकलं, मुलगी खोलीत बसलेली असताना बाहेर बैठकीत तिचं सगळं ठरावं तसं. दमल्यावर जायची एक जागा होती, तीही आता इकडचीच झाली. "डोकं दुखतंय का?" नवीने विचारलं. स्वतःची जागा गेलेली असताना विचारलं, म्हणून तिला अधिकच भरून आलं. "नाही," ती म्हणाली. "पाणी गेलं." पोहणाऱ्यांना ही सोय असते. पाण्यात रडलेलं मोजत नाही कुणी.

रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. आत्या स्वतःहून फोन करणाऱ्यातली नव्हती, म्हणून आधी ती घाबरली. "बेडके, एक सांगते, हसायचं नाही. आणि तुझ्या आईला सांगायचं नाही, ती मला घरात बसवील." "काय झालं आत्या?" "माझं डोकं फुटलं." "काय?" "फुटलं म्हणजे टेंगूळ आलंय गं, चांगलं लिंबाएवढं. अगं, आपल्या तलावावर नवे साहेब आलेत. भला माणूस आहे. आल्या आल्या टेप घेऊन उभा राहिला, दोन्हीकडे लोखंडी खांब ठोकले आणि दोरी नियमाप्रमाणे बांधली. दुकानातल्या पताका, चकचकीत. मीच टेपचं दुसरं टोक धरून उभी होते! मग पोरींना घसा बसेपर्यंत सांगितलं, एक कमी, एक कमी. आणि काल पहाटे मी स्वतः उतरले. गुडघा धरला होता, जरा दमले होते. पताका गेल्या आणि हातांनी आपलं जुनंच केलं बघ. टण्णकन!" आत्या हसत होती. हसता हसता तिला खोकला आला. "साहेब धावत आला. विचारतो कसा, आजी, तुम्ही आत्ता कुठे आहात? मी म्हटलं, अरे बाबा, तेच तर विचारतेय मी."

तिचा हात नकळत स्वतःच्या टाळूवर गेला होता. टेंगूळ उतरलं होतं, दाबलं तरच दुखत होतं. आत्याचंही नेमकं तिथेच असणार. सांगावं का? ओठांवर आलं, आणि या वेळी परक्या शब्दांची आडकाठीही नव्हती. पण तिने ते ठेवून घेतलं. "आणि जुन्या पताका?" तिने विचारलं. "बाकावर गुंडाळून ठेवल्यात. कुणी पुसायला नेतील. तुझा तो निळा तुकडा तेवढा मी काढून घेतला." मग आत्या वेगळ्याच, जरा लाजऱ्या आवाजात म्हणाली, "इतकी वर्षं त्या पाण्यात काढली गं. डोळे मिटून जायचे मी. आता उतरायचं म्हटलं की भीतीच वाटते."

खोलीत जिराफ झोपली होती. हीटरवर कपडे होते. बाहेर कुणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती आणि तो माणूस पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता.

"आत्या," ती म्हणाली, "आता तिथेही एक हात कमी घ्यायचा गं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि दमलेली असशील तेव्हा मोठ्याने म्हणायचं. मनातल्या मनात म्हटलं तर हातांना ऐकू जात नाही."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

पलीकडे आत्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजला. आत्याने घसा साफ केला. "एक कमी," ती म्हणाली, आणि वर्गात उभं केलेल्या मुलीसारखी थांबून राहिली, कुणी बरोबर म्हणेपर्यंत.

"बरोबर," तिने सांगितलं.